सामान निवडून झालं, आता ते घराबाहेर कसं जाणार?

पुण्याच्या मध्यवस्तीत राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्यांचा पेच थोडक्यात सांगते.

त्यांची सोसायटी पुनर्विकासाला जाते आहे आणि जूनअखेर घर रिकामं करून द्यायचं आहे. चाळीस वर्षांचा संसार, त्यात दीड वर्षापूर्वी गेलेल्या सासूबाईंचं सगळं सामान, आणि तात्पुरतं भाड्याने घेतलेलं घर दोन खोल्यांचं. ताईंनी तीन महिने खपून माळे, कपाटं, दिवाणाचे कप्पे उपसले. काय ठेवायचं, काय नाही हे ठरलं. पण नको असलेल्या सामानाची गाठोडी नि खोकी अजून हॉलमध्येच आहेत. तांब्यापितळेची भांडी, साड्या, दिवाळी अंकांचे गठ्ठे, देवांच्या तसबिरी, कापसाच्या गाद्या, जुना खोक्यासारखा टीव्ही, सासूबाईंचा वॉकर, त्यांची औषधं. कामाला येणाऱ्या मावशींना साड्या आणि मिक्सर देऊ केला, तर त्या म्हणाल्या, "नको ताई, ठेवू कुठे?" वाचनालयाने पुस्तकं घेतली नाहीत. भंगारवाल्याने सगळ्याचे मिळून जे पैसे सांगितले ते ऐकून ताईंना रडू आलं. नणंदबाई फोनवर म्हणतात, "आईच्या वस्तू अशा वाटून टाकणार?", पण न्यायला येत नाहीत. यजमान म्हणतात, "घेऊन जाऊ सगळं, बघू नंतर." ताईंनी शेवटी लिहिलंय, "एकेक वस्तू योग्य माणसाच्या हातात जावी एवढीच इच्छा आहे. पण घेणारंच कोणी नाही. टाकलं तर पाप वाटतं, ठेवलं तर जागा नाही. काय करू?"

ताई,

तीन महिने प्रत्येक वस्तू हातात घेऊन "हवी की नको" ठरवणं किती दमवणारं असतं, हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळतं. त्यातही अर्ध्या वस्तू गेलेल्या माणसाच्या. तुम्ही तो भाग पार पाडलात. आता गाडी अडली आहे ती दारात, आणि मला वाटतं ती अडली आहे तुमच्या एका अटीवर. प्रत्येक वस्तूला तिची कदर करणारा माणूस मिळाला पाहिजे, ही ती अट. इच्छा चांगली आहे. पण एवढ्या सगळ्या वस्तूंना ती लावली तर दहा वर्षं हॉल मोकळा होणार नाही.

मावशींचा नकार तुम्हाला लागलेला दिसतो, म्हणून आधी त्याबद्दल बोलते. मावशी चार घरी काम करत असतील, तर दर दिवाळीत त्यांना चार घरच्या जुन्या साड्या मिळतात. मिक्सरही बहुधा असाच कुठून तरी आलेला आहे. दहा बाय बाराच्या खोलीत माणसं राहतात तेव्हा एका जास्तीच्या डब्यालाही जागा लागते. त्यांनी तुम्हाला नाही म्हटलं, कारण तुमच्याशी खरं बोलता येतं असा त्यांना भरवसा आहे. नाहीतर त्यांनी निमूट पिशवी घेतली असती आणि कोपऱ्यावरच्या कंटेनरजवळ ठेवून दिली असती. त्यांना वस्तू दाखवून "हे नेता का?" विचारण्याऐवजी "तुम्हाला घरात काय लागतंय?" असं एकदा विचारून बघा. कदाचित उत्तर येईल लोखंडी कपाट, किंवा मुलीला अभ्यासाला टेबल. आणि ते द्यायचं ठरलं तर टेंपोचं भाडं तुम्ही द्या. कपाट फुकट आणि तिसऱ्या मजल्यावर चढवायला हमाली त्यांच्या खिशातून, असं देणं अर्धवट राहतं.

आपल्याला नको ते गरिबाला हवंच असणार, हे आपण न तपासता धरून चालतो. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून इतके जुने कपडे गेले की ते रस्त्याकडेला ढिगाने पडून राहिले. लोकांना त्या हवेत आणि त्या चालीरीतीत ते वापरता येण्यासारखेच नव्हते. 'गूंज' या संस्थेने पुढे ते गोळा करून निवडायचं काम केलं. पाठवणाऱ्या प्रत्येकाला आपण दान केलं असंच वाटलं असणार. म्हणून देण्याच्या गठ्ठ्यावर एक कसोटी लावा. जी वस्तू शेजारणीला देताना मला संकोच वाटेल, ती मी 'गरजू' म्हणून कोणालाच देणार नाही. झाकण नसलेला डबा, लोंबलेली इलॅस्टिक, टवका उडालेले कप, चेन तुटलेली बॅग ही त्या कसोटीवर उतरत नाहीत. ती टाका, आणि त्याचं पाप लावून घेऊ नका. चाळीस वर्षं वापरलेल्या वस्तूने आपलं काम केलं आहे. पाप वाटायचंच असेल तर ते न वापरलेल्या, खोक्यातच जुन्या झालेल्या वस्तूंबद्दल वाटू द्या. पुढच्या घरात खरेदी करताना त्याचा उपयोग होईल.

आता भंगारवाल्याबद्दल. त्याने तुमच्या सासूबाईंची किंमत केली नाही, ताई. त्याने ठोक भाव सांगितला, आणि ठोक भाव नेहमी सगळ्यात हलक्या मालाच्या हिशोबाने असतो. पत्रा, प्लास्टिक, रद्दी आणि पितळ एका ढिगात दिलंत तर पितळही पत्र्याच्या जवळपास जातं. म्हणून आधी तांब्या-पितळेचं वेगळं काढा. तांब्याचा भाव पितळेहून जास्त असतो, तेव्हा तेही एकमेकांपासून वेगळं. लोखंडी कड्या, लाकडी मुठी निघत असतील तर काढून ठेवा, कारण त्या असल्या की दुकानदार वजनात घट धरतो आणि ती अंदाजाने धरतो. मोड घेणाऱ्या दोन दुकानांत भाव विचारा आणि वजन डोळ्यांसमोर करून घ्या. तुम्ही पुण्यातच आहात, तर कसबा पेठेतल्या तांबट आळीत एक चक्कर मारा. घंगाळ, बंब, मोठी कळशी अशी जुनी घडणीची चांगली भांडी मोडीत घालण्याआधी त्यांना दाखवा. ठोके ताजे करून, कल्हई लावून वापरता येण्यासारखं काही असेल तर ते लोक एका नजरेत सांगतात.

मला कल्पना आहे की भांडी मोडीत घालताना हात कशाला अडतो. पातेलं उपडं केलं की काठाजवळ ठिपक्याठिपक्यांची अक्षरं दिसतात. कोणाच्या तरी लग्नाप्रीत्यर्थ, कोणाच्या स्मरणार्थ, खाली तारीख. ज्यांनी दिलं ते नाहीत, ज्यांना दिलं तेही नाहीत, नाव मात्र तसंच. अशा भांड्यांपैकी रोज वापरता येईल असं एक ठेवा. पाण्याचा तांब्या, किंवा डाळीचं पातेलं. माळ्यावर ठेवण्यासाठी नाही, गॅसवर चढवण्यासाठी. बाकीच्यांच्या नावांचे फोटो काढून घ्या आणि भांडी जाऊ द्या. स्टीलची मोठी पातेली, पराती, आमटी वाढायचे कावळे मोडीत फारसं काही देत नाहीत, पण जेवणावळी घालणाऱ्यांना लागतात. आषाढीच्या आधी एखाद्या दिंडीच्या व्यवस्थापकांना विचारून बघा. शेकडो माणसांचा रोजचा स्वयंपाक ट्रकवर घेऊन जाणाऱ्यांना दणकट परातीचं मोल तुमच्या-माझ्याहून जास्त कळतं. गणेश मंडळं, वसतिगृहंही आहेत. फक्त आधी फोन करायचा.

साड्यांचं तसं सोपं आहे. चांगल्या धुऊन, घडी करून, 'गूंज'सारख्या संस्थेच्या संकलन केंद्रावर. जुन्या, मऊ झालेल्या सुती साड्यांची गोधडी होते, आणि पैसे देऊन गोधडी शिवून देणाऱ्या बायका आजही पुण्याच्या आसपास मिळतात. नणंदबाईंना एक गोधडी शिवून द्यावी असं मला मनापासून वाटतं. त्याकडे नंतर येते. खऱ्या जरीचे जुने शालू-पैठण्या असतील, तर दारावर येणाऱ्याला घाईने देऊ नका. जुन्या जरीत चांदी असू शकते, माहितगार सराफाला किंवा जुनी जर विकत घेणाऱ्या दुकानात आधी दाखवा. आणि बोहारीण अजून तुमच्या गल्लीत येत असेल तर तिला अवश्य बोलवा. तिच्याशी घासाघीस करून मिळणारा डबा मात्र घेऊ नका. घरात पुन्हा एक भांडं नको आहे आपल्याला.

पुस्तकांच्या बाबतीत वाचनालयावर रागावू नका. त्यांच्याकडे जागा नाही आणि घरोघरी तीच पुस्तकं निघतात. त्यांना खोकं नेऊन दाखवण्याऐवजी यादी पाठवा. नाव, लेखक, साल, अवस्था. गावोगावी 'ड' वर्गातली छोटी शासनमान्य वाचनालयं आहेत. त्यांना यादीतली दहा-वीस पुस्तकं हवी असू शकतात, पण बहुतेकांना पोस्टाचा खर्च परवडत नाही, तो तुम्ही करा. मराठीत दिवाळी अंकांची परंपरा १९०९ मध्ये 'मनोरंजन'पासून सुरू झाली. फार जुने अंक असतील तर अभ्यासक आणि संग्राहक शोधत येतात. गेल्या पंचवीस-तीस वर्षांचे अंक मात्र बहुतेक घरांत आहेत, त्यातला एखाददुसरा आवडता ठेवून बाकीचे रद्दीत घालायला हरकत नाही. रद्दीचा पुन्हा कागद होतो. एक अपवाद आहे. मोडी लिपीतली कागदपत्रं, हस्तलिखित पोथ्या, जुनी पत्रं निघाली असतील तर ती रद्दीच्या आसपासही जाऊ देऊ नका. तुमच्याच शहरात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० पासून. तिथे दाखवा, मग ठरवा.

देवांच्या तसबिरींवर बरेच वाचक अडतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पिंपळाच्या पारावर ठेवलेल्या तसबिरी तुम्ही पाहिल्या असतील. काच फुटलेली, पावसाने रंग उतरलेला, मागचा पुठ्ठा फुगलेला. नदीत सोडल्या तर काच आणि खिळे तळाशी राहतात. यापैकी कशातच मान नाही. आपल्या परंपरेत यासाठी उत्तरपूजा आहे. गणपती उठवताना गुरुजी "यान्तु देवगणाः सर्वे" म्हणून अक्षता टाकतात, कारण मूर्तीतलं देवत्व निघून जावं, मागे माती उरावी. तेच इथे करा. हळदकुंकू, फूल, अक्षता, नमस्कार. त्यानंतर जे उरतं ते लाकूड, काच, पुठ्ठा आणि कागद. चौकट उघडा, काच जाड कागदात गुंडाळा, लाकूड वेगळं, कागद वेगळा. स्वतःला धीर होत नसेल तर हे काम करणाऱ्या संस्था आहेत. नाशिकमध्ये 'संपूर्णम' नावाच्या संस्थेने हेच काम हाती घेतलं आहे. सासूबाईंच्या नित्यपूजेतली एखादी छोटी मूर्ती मात्र ठेवा. ती दोन खोल्यांतही मावेल.

औषधं, सुया, थर्मामीटर, सीएफएल दिवे, रंगाचे डबे हे सगळं आजच एका खोक्यात वेगळं करा. २०१६च्या घनकचरा नियमांत याला घरगुती घातक कचरा म्हटलं होतं आणि तो ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळा द्यायचा असतो. जुन्या थर्मामीटरमध्ये आणि सीएफएलमध्ये पारा असतो. इन्शुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकणाला चिकटपट्टी, वर 'सुया' असं ठळक लिहून. हे लिहिणं फार महत्त्वाचं आहे, कारण ती पिशवी कोणीतरी उघड्या हातांनी उघडणार आहे. पुण्यात ते हात बहुधा 'स्वच्छ'च्या ताईंचे असतात. डॉ. बाबा आढावांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली, आणि त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था. सुका माल विकून त्या कमावतात. तेव्हा कोरडं, निवडलेलं भंगार त्यांना देणं हे खरोखर देणं आहे. तुम्ही योग्य माणूस शोधत होतात ना? रोज सकाळी तो तुमच्या दारात येतो. मोठं सामान कसं द्यायचं हेही त्यांनाच विचारा, नाहीतर वॉर्डाच्या आरोग्य कोठीवर, म्हणजे महापालिकेच्या सफाई कर्मचाऱ्यांच्या ठाण्यावर. मुदत न उलटलेल्या, गोळ्यांच्या अख्ख्या पट्ट्या एखाद्या धर्मादाय दवाखान्याला विचारून देता येतील. तीव्र वेदनांसाठी दिलेली औषधं किंवा त्वचेवर चिकटवायच्या पट्ट्या शिल्लक असतील तर कोणालाही देऊ नका, ज्या रुग्णालयाने दिली तिथेच विचारा.

वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी यांसाठी तर लोक वाट बघत असतात. रुग्णोपयोगी साहित्य नाममात्र अनामत घेऊन वापरायला देणारी केंद्रं महाराष्ट्रात बऱ्याच गावांत आहेत. जनकल्याण समितीची आहेत, ज्येष्ठ नागरिक संघांची आहेत. डेटॉलच्या पाण्याने पुसून, रबरी बूच घट्ट आहेत ना बघून द्या. तुमची वस्तू वर्षात चार-पाच घरं फिरते.

खोक्याच्या टीव्हीच्या काचेत शिसं असतं आणि तो फोडून आतलं तांबं काढणाऱ्याच्या फुप्फुसात काय जातं, याचा विचार करून तो नोंदणीकृत ई-कचरा संकलकालाच द्या. २०२२चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांनुसार जुन्या उपकरणांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे, तेव्हा कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारायचा तुम्हाला हक्क आहे. इन्व्हर्टरची बॅटरी विक्रेता परत घेतो, तिचे पैसेही मिळतात. संगणकाची हार्ड डिस्क काढून ठेवा. चालू वस्तू ऑनलाइन विकणार असाल तर एवढं पक्कं लक्षात ठेवा की पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. "क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील" असं म्हणणारा चोर आहे. सागवानी दिवाण, आरामखुर्ची घेणारे वेगळे असतात, ते सामान भंगाराच्या ढिगात घालू नका.

आता नणंदबाई. मला त्यांचा राग येत नाही. आईचं घर पाडलं जाणार आहे आणि त्या दूरवरून ते ऐकत आहेत, हे दुःख खरं आहे. पण दुःख त्यांचं आणि जागा तुमची, हे किती दिवस चालणार? आक्षेप घेणाऱ्याने वस्तू न्यावी, एवढा एकच नियम तुम्ही ठेवा, आणि तो प्रेमाने सांगा. सगळ्या ठळक वस्तूंचे फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. असं लिहा: "आईंच्या या वस्तू आहेत. ज्यांना जे हवं त्यांनी पुढच्या रविवारपर्यंत सांगावं आणि महिनाअखेर घेऊन जावं. उरलेल्याची व्यवस्था मी करते." हा मेसेज तुमच्या नावाने नको, यजमानांनी टाकावा. आई त्यांची होती, बहीण त्यांची आहे. 'बघू नंतर' म्हणणाऱ्या माणसाला नेमकं एक काम दिलं की तो बहुतेकदा ते करतो. मग रविवारी नणंदबाईंना तुम्ही स्वतः फोन करा आणि एकच विचारा, "आईंची कोणती साडी तुम्हाला सगळ्यात जास्त आठवते?" जी म्हणतील ती, आणि दोन-तीन जुन्या सुती साड्यांची गोधडी. बाकीच्या भांड्यांवरून त्या फारसं काही बोलणार नाहीत, असा माझा अंदाज आहे.

यजमानांचं 'घेऊन जाऊ' ऐकू नका. दोन खोल्यांत ही खोकी गेली तर तुम्ही तीन वर्षं त्यांच्या मधून वाट काढत स्वयंपाकघरात जाल. रिकाम्या घरात मागे सोडून जाण्याची पळवाटही नको. पाडकाम करणाऱ्या मजुरांना तुमच्या औषधांत आणि फुटलेल्या काचांत हात घालावा लागेल.

एक पिशवी मात्र आजच भरून बाजूला ठेवा, कारण आवराआवरीत हेच कागद हरवतात. सोसायटीचं भागपत्र (शेअर सर्टिफिकेट), खरेदीखत आणि सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू), सासूबाईंचा मृत्यू दाखला, मृत्युपत्र असल्यास ते, वारस नोंदीचे कागद, जुनी शिधापत्रिका, गावच्या जमिनीचे उतारे. पुनर्विकासाचा करारनामा होईपर्यंत यातलं काय लागेल सांगता येत नाही. उलट जुनी बँक पासबुकं, धनादेश पुस्तिका, आधार-पॅनच्या प्रती बारीक फाडून मगच रद्दीत टाका.

आणि सुरुवात गाद्यांपासून करा. कापूस चांगला असेल तर पिंजून देणारा अजून मिळतो, दोन जाड गाद्यांच्या चार पातळ होतात आणि त्या वसतिगृहाला किंवा वारकऱ्यांच्या मुक्कामाच्या धर्मशाळेला चालतात. कॉयर किंवा फोमच्या डाग पडलेल्या गाद्या कोणी घेणार नाही, त्या उचलण्याचे पैसे द्यावे लागले तर द्या. पण हे मेमध्येच उरका. एकदा पाऊस लागला आणि जिन्यात ठेवलेली गादी भिजली, की ती ना पिंजारी घेतो, ना भंगारवाला, ना कोठीवरचा टेंपो.